सॉर्ट करताना डुप्लिकेट गाळायचे, पण नोंद कोणती ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका पतसंस्थेच्या चार शाखांच्या सभासद याद्या एकत्र केल्या. एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीत, म्हणजे याद्या जोडण्याच्या आणि साफ करण्याच्या साधनात, त्या 'शेवटचा बदल' या तारखेनुसार उतरत्या क्रमाने लावल्या, म्हणजे ताजी नोंद वर यावी. मग मोबाइल नंबराच्या रकान्यावर डुप्लिकेट काढले. दोन गोष्टी बिघडल्या. काही सभासदांची जुन्या पत्त्याची नोंदच शिल्लक राहिली आणि एकूण यादी अपेक्षेपेक्षा कितीतरी लहान झाली. वार्षिक सभेच्या नोटिसा आणि लाभांश याच यादीवरून जाणार आहेत.

मूळ चार फाइलींना हात लावला नसेल तर अजून काहीच गेलेले नाही. त्या तशाच ठेवा आणि एकत्रित यादी पुन्हा तयार करा. या वेळी प्रत्येक ओळीला दोन जादा रकाने द्या: कोणत्या शाखेच्या फाइलीतून आली आणि त्या फाइलीत कितवी होती. पुढे याचा उपयोग होईल.

दोन्ही बिघाडांचे मूळ एकच आहे. कोणत्या नोंदी एकाच सभासदाच्या समजायच्या, हा एक निर्णय. त्यांतली कोणती ठेवायची, हा दुसरा. पहिला ओळखीच्या रकान्याने ठरतो, दुसरा क्रमाच्या रकान्याने. तुम्ही हे दोन्ही स्पष्ट सांगितले नाहीत तर वापरत असलेले साधन ते परस्पर ठरवते, आणि प्रत्येक साधन वेगळे ठरवते. संस्थेतला माणूस यादीतून गळला की त्याला नोटीस जात नाही आणि लाभांशही जात नाही. म्हणून हे निर्णय साधनावर सोडू नयेत, असे मी आग्रहाने सांगतो.

मुळात डुप्लिकेट काढायला सॉर्टच का लागते, तेही पाहू. दोन लाख ओळींतली प्रत्येक ओळ बाकी सगळ्यांशी ताडायची तर सुमारे २,००० कोटी तुलना होतात. ओळखीच्या रकान्यावर सॉर्ट केले की सारख्या नोंदी शेजारी येतात आणि प्रत्येक ओळ फक्त तिच्या आधीच्या ओळीशी ताडली की भागते. सॉर्टला लागणाऱ्या तुलना साधारण ३५ लाखांच्या घरात असतात. १९८३ साली दिना बिटन आणि डेव्हिड डिविट या संगणकशास्त्रज्ञांनी आणखी एक पायरी दाखवली: मर्ज सॉर्टमध्ये, म्हणजे यादीचे तुकडे वेगळे लावून मग जोडण्याच्या पद्धतीत, तुकडे जोडतानाच डुप्लिकेट गाळत गेले तर मधल्या फाइली लहान राहतात आणि कामही वाचते. 'सॉर्ट करतानाच गाळणे' म्हणतात ते हेच. पण यात एक अट आहे. शेजारी येणाऱ्या नोंदी ओळखीच्या रकान्यावर लागलेल्या हव्यात. तुम्ही सॉर्ट केले तारखेवर आणि डुप्लिकेट काढले मोबाइलवर. तारीख क्रमात दुसरी यायला हवी: आधी ओळख, मग त्या ओळखीच्या आत तारीख उतरती.

आता जुनी नोंद का उरली ते सांगतो. पॉवर क्वेरीत उजव्या बाजूला पायऱ्या एकाखाली एक दिसतात, पण ते साधन प्रत्येक पायरी पूर्ण करून मग पुढची घेते असे नाही. शेवटच्या निकालाला जेवढे लागेल तेवढेच ते करते आणि पायऱ्यांची आपल्या सोयीने फेरजुळणीही करते. सॉर्टच्या पायरीनंतर डुप्लिकेट काढायची पायरी लावली, तरी सॉर्टमध्ये वर आलेलीच ओळ ठेवली जाईल याची हमी नसते. काही गटांत बरोबर ओळ राहते, काहींत राहत नाही, आणि वरवर नजर टाकली तर सगळे ठीक वाटते. उपाय दोन आहेत. सॉर्टची पायरी टेबल-बफर या फंक्शनमध्ये गुंडाळली की तो क्रम मेमरीत पक्का होतो आणि मग पहिली ओळ खरोखर पहिलीच राहते. दुसरा उपाय मला जास्त पटतो: ओळखीच्या रकान्यावर ग्रुप बाय करा, त्यात 'ऑल रोज' निवडा आणि प्रत्येक गटातून टेबल-मॅक्सने सर्वांत ताज्या तारखेची ओळ उचला. यात क्रमावर भिस्त राहत नाही. कोणती ओळ हवी ते तुम्ही उघडपणे सांगितलेले असते.

एक्सेलच्या साध्या शीटवरचे 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' बटण एक्सेल २००७ पासून आहे. ते मात्र वरून पहिली आलेली ओळच ठेवते. त्यामुळे शीटवर आधी नीट सॉर्ट करून ते वापरले तर ताजी ओळ राहते. पण हे बटण आणि पॉवर क्वेरी यांची सारखेपणाची व्याख्या वेगळी आहे. शीटवरचे बटण इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, पॉवर क्वेरी करते. एकच यादी दोन्हीकडे गाळली तर दोन आकडे येतात ते यामुळेच.

पुण्या-मुंबईत मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या केंद्रीय संगणकांवर, बँकांचे किंवा विम्याचे काम केलेल्यांना ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच शिकवली जाते. डीएफसॉर्ट या आयबीएमच्या सॉर्ट प्रोग्रॅममध्ये 'सम फील्ड्स' या विधानाला 'नन' दिले की एकाच सॉर्ट-रकान्याच्या नोंदींतली एकच उरते. कोणती उरते? 'इक्वल्स' पर्याय चालू असेल तर इनपुटमध्ये आधी आलेली. तो नसेल तर कोणती उरेल ते सांगता येत नाही. शिवाय 'नन'च्या जागी रकमेचा रकाना दिला तर तेच विधान नोंदी गाळताना रकमांची बेरीज करते. एका शब्दाच्या फरकाने फाईल वेगळीच होते, म्हणून जुनी जॉब्ज वाचताना मी ही ओळ आधी शोधतो. गाळलेल्या नोंदी हव्या असतील तर सिंकसॉर्ट या दुसऱ्या सॉर्ट प्रोग्रॅममध्ये 'एक्ससम' आहे. आयबीएमकडे त्यासाठी आइसटूलचा 'सिलेक्ट' आहे: 'फर्स्ट' किंवा 'लास्ट' म्हणून कोणती ठेवायची ते सांगा, आणि 'डिस्कार्ड' देऊन उरलेल्या दुसऱ्या फाइलीत घ्या. हा 'डिस्कार्ड' प्रत्येक साधनात असायला हवा होता, असे मला नेहमी वाटते.

लिनक्सवर काम करत असाल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. 'युनिक' ही कमांड फक्त लागोपाठच्या ओळी ताडते, त्यामुळे तिच्याआधी सॉर्ट हवाच. 'सॉर्ट'चा 'यू' पर्याय रकाना दिला असेल तर पूर्ण ओळ न पाहता फक्त तो रकाना पाहतो आणि समान ओळींतली पहिली ठेवतो. ताजी ओळ हवी असेल तर आधी ओळख आणि उतरती तारीख यांवर एक सॉर्ट, मग फक्त ओळखीवर 'यू' लावून दुसरा, अशी जोडी वापरा. तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना छळते. रकाना सांगताना फक्त सुरुवात दिली, म्हणजे 'तिसऱ्यापासून' एवढेच सांगितले, तर तो तिसऱ्यापासून ओळीच्या शेवटापर्यंतचा सगळा मजकूर धरतो. 'तिसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत' असे सांगावे लागते, नाहीतर डुप्लिकेट सापडतच नाहीत. याशिवाय सर्व्हरचा लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, बदलला की क्रम बदलतो. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने २०१८ साली क्रमाचे नियमच बदलले, त्यामुळे एका मशीनवर लावलेली फाईल दुसऱ्या मशीनला क्रमात नाही असे वाटू शकते. लोकेल 'सी' ठेवला की तुलना सरळ बाइटवर होते आणि सगळीकडे सारखी होते.

डेटाबेस असेल तर काम सोपे आहे. 'रो-नंबर' फंक्शन घ्या, 'पार्टिशन बाय'मध्ये ओळख, 'ऑर्डर बाय'मध्ये उतरती तारीख, आणि एक नंबर आलेली ओळ ठेवा. दोन्ही निर्णय इथे वेगवेगळ्या जागी लिहिले जातात, म्हणून मला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते. फक्त तारखेची बरोबरी झाली तर काय, हेही लिहा. एकाच दिवशी दोन शाखांनी नोंद बदलली असेल तर डेटाबेस त्यांतली कोणतीही उचलेल, आणि आज एक, उद्या दुसरी असेही होईल. सुरुवातीला दोन जादा रकाने करायला सांगितले ते यासाठी: बरोबरी शाखा आणि ओळ-क्रमांकाने सोडवा. 'ग्रुप बाय' करून प्रत्येक रकान्यावर 'मॅक्स' लावण्याचा सोपा मार्ग मात्र टाळा. त्यात तारीख एका ओळीची, पत्ता दुसरीचा आणि मोबाइल तिसरीचा येऊन जगात नसलेला सभासद तयार होतो.

आता यादी एवढी का आकसली, या मुद्द्याकडे येतो. हा जास्त गंभीर आहे. मोबाइल हा ओळखीचा रकाना नाही. नवरा, बायको, मुलगा, सासरे अशा चौघांच्या फॉर्मवर घरातला एकच नंबर दिलेला असतो. चौघेही स्वतंत्र सभासद आहेत, पण तुमच्या यादीत त्यांतला एकच उरला. याहून मोठी गळती रिकाम्या रकान्यांमुळे झाली असणार. मोबाइल न दिलेल्या सगळ्या सभासदांचा रकाना रिकामा असतो. पॉवर क्वेरी, एक्सेलचे बटण आणि डेटाबेसमधले 'डिस्टिंक्ट' हे तिघेही रिकामे आणि रिकामे सारखेच मानतात. म्हणजे मोबाइल नसलेल्या सर्व सभासदांमागे यादीत फक्त एक माणूस राहिला. ते बहुधा सर्वांत वयस्क सभासद असतील. रिकाम्या ओळखीच्या ओळी आधी वेगळ्या काढा, डुप्लिकेट गाळणीतून त्या जाऊच देऊ नका, आणि त्यांची ओळख दुसऱ्या मार्गाने पटवा.

मग ओळख कशावरून ठरवायची? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३८ नुसार संस्थेला सभासद नोंदवही ठेवावीच लागते. तोच आपला आय नमुना. त्यातला सभासद क्रमांक हीच तुमची पहिली ओळख. तो अख्ख्या संस्थेत एकच चालत आला आहे की शाखानिहाय वेगळा आहे, हे आधी कार्यालयात विचारा. शाखानिहाय असेल तर शाखा आणि क्रमांक मिळून ओळख होते. नाहीतर एका शाखेचा १०५ दुसऱ्या शाखेच्या १०५ ला गिळून टाकील. क्रमांकाच्या पुढची शून्येही पाहा. एका फाइलीत ००४२ मजकूर म्हणून आणि दुसरीत ४२ आकडा म्हणून असेल तर ते जुळणार नाहीत.

पॅन चांगला आहे, पण आंधळेपणाने वापरू नये. अज्ञान मुलाच्या खात्यावर पालकाचा पॅन असतो. नावापुढे पालकाची खूण असलेले 'अ.पा.क.' दिसले की तिथे पॅन सारखा असूनही माणसे दोन आहेत. पॅनचा आकृतिबंध ठरलेला आहे: ५ अक्षरे, ४ अंक, १ अक्षर, आणि व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर 'पी'. या साच्यात न बसणारे पॅन रिकामे समजून बाजूला काढा. लाभांश ज्या बँक खात्यात जाणार त्याचा क्रमांक १६ अंकी असेल तर एक्सेलमध्ये तो मजकूर म्हणूनच आणा. एक्सेल आकड्याचे १५ अंकच जपते, सोळाव्याचे शून्य करते. एक्सेलचे 'काउंट-इफ' हे मोजणीचे फंक्शन तर मजकूर म्हणून ठेवलेला क्रमांकही आकडा समजून ताडते, त्यामुळे शेवटचाच अंक वेगळा असलेली दोन खाती त्याला सारखी दिसतात. त्याने डुप्लिकेट म्हटले म्हणून कुणाचे खाते काढू नका.

नावांवर जुळवायची वेळ आली तर मराठी युनिकोड समजून घ्यावाच लागतो. 'गोऱ्हे' हे आडनाव दोन प्रकारे टाइप होते. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडचिन्हाचा कोड असतो. पडद्यावर आणि छापील कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे आहेत. कऱ्हाडच्या शाखेच्या यादीत तर पत्त्याच्या प्रत्येक ओळीत हा प्रश्न असेल. र आणि त्याखाली नुक्ता असा तिसरा प्रकारही सापडतो. तो युनिकोड नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करण्याच्या ठरलेल्या प्रक्रियेने, ऱ मध्ये बदलतो, न दिसणाऱ्या कोडचा प्रकार मात्र बदलत नाही. तो बदलायला स्वतः नियम लिहावा लागतो. 'ॲड.' चेही तसेच. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन 'अॅ' लिहीत होते आणि आजही काही कीबोर्ड तसेच लिहितात. नॉर्मलायझेशन या दोघांना एक मानत नाही. श्री-लिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये आणलेल्या जुन्या याद्यांत अशा जोड्या हमखास भेटतात. त्याच याद्यांत कुठे मराठी अंक, कुठे इंग्रजी अंक असतात. वेब पानावरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असते, जी एक्सेलचे जादा स्पेस काढणारे 'ट्रिम' फंक्शन काढत नाही.

म्हणून मूळ नावाचा रकाना जसाच्या तसा ठेवून शेजारी 'ताडण्यासाठी नाव' असा वेगळा रकाना करावा. त्यात ऱ चे सगळे प्रकार एक करा, ॲ एक करा, न दिसणारे कोड काढा, जादा स्पेस काढा, अंक एका प्रकारचे करा. श्री., सौ., श्रीमती ही उपपदे वेगळ्या रकान्यात हलवा. 'कै.' मात्र नुसते पुसून टाकू नका. तो सभासद वारला आहे ही माहिती त्या एका अक्षरात आहे आणि वारसाच्या कामाला ती लागते. राव, बाई, पंत हे शेपूट असलेले आणि नसलेले नाव एकच असू शकते. कुलकर्णी आणि कुळकर्णी, चव्हाण आणि चौहान हे एकच असू शकतात आणि नसूही शकतात. लग्नानंतर नाव, मधले नाव आणि आडनाव तिन्ही बदललेल्या सभासद तर नावावरून सापडणारच नाहीत.

अशा 'जवळपास सारख्या' नोंदींसाठी १९९५ साली हर्नांडेझ आणि स्टोल्फो या संशोधकांनी मांडलेली पद्धत अजूनही उपयोगी आहे. ताडण्याच्या नावावर सॉर्ट करा आणि प्रत्येक ओळ पुढच्या दहा-बारा ओळींशी ताडा. मग आडनावाऐवजी जन्मतारखेवर सॉर्ट करून तीच फेरी पुन्हा करा, मग पिनकोड आणि पहिल्या नावावर. सुरुवातीचे अक्षरच चुकले असेल तर एका क्रमात दूर गेलेली जोडी दुसऱ्या क्रमात जवळ येते. यातून निघालेल्या जोड्या आपोआप गाळायच्या नाहीत. त्यांची वेगळी यादी करायची.

तारखेचेही एक पाहून घ्या. 'शेवटचा बदल' हा रकाना खरी तारीख आहे की मजकूर? मजकूर असेल तर '३१-०१-२०१९' ही '०१-०२-२०२४' पेक्षा मोठी ठरते, कारण तुलना डावीकडून होते आणि दिवस आधी येतो. तुमच्या काही जुन्या नोंदी यामुळेही उरल्या असू शकतात. चार शाखांतल्या एकीने महिना आधी लिहिला असेल तर तेही इथेच पकडा. शिवाय सर्वांत ताजी नोंद सर्वांत पूर्ण असतेच असे नाही. नव्या नोंदीत पत्ता ताजा पण पॅन रिकामा, जुनीत पॅन भरलेला, असे सर्रास असते. तिथे ताजी नोंद मूळ धरा आणि तिच्यातले रिकामे रकाने त्याच सभासदाच्या आधीच्या नोंदीतून भरा. भरलेला रकाना मात्र जुन्या माहितीने बदलू नका. वारसाचे नाव हा याला अपवाद. वारसाच्या दोन नोंदी वेगळ्या दिसल्या तर कोणतीही आपणहून निवडू नका, मूळ अर्ज काढून पाहा.

गाळणी झाली की हिशेब जुळवा: चार फाइलींच्या ओळींची बेरीज म्हणजे ठेवलेल्या, गाळलेल्या आणि तपासणीसाठी बाजूला काढलेल्या ओळींची बेरीज. एकाही ओळीचा फरक चालणार नाही. गाळलेली प्रत्येक ओळ स्वतंत्र शीटवर हवी, आणि तिच्यासमोर ती कोणत्या ओळीसाठी गाळली तिचा सभासद क्रमांक हवा. कुणी सभासद 'मला नोटीस आली नाही' म्हणून आला तर त्याला उत्तर देता आले पाहिजे.

हीच पद्धत पुढे व्यवहारांच्या फाइलींना लावायचा मोह होईल. तिथे सावध राहा. पिग्मी एजंटने एकाच दिवशी एकाच खात्यात ५०० रुपये दोनदा जमा दाखवले तर ती डुप्लिकेट नोंद असेलच असे नाही. सकाळी दुकानदाराने दिले असतील, संध्याकाळी त्याच्या मुलाने. खाते, तारीख आणि रक्कम सारखी असूनही ते दोन खरे व्यवहार आहेत, आणि एक गाळला तर ठेवीदाराचे ५०० रुपये बुडाले. व्यवहारांत फक्त पावती क्रमांक किंवा व्यवहार क्रमांकावरच डुप्लिकेट ठरवा. तो क्रमांक नसेल तर गाळू नका, शोधून दाखवा.

संशयास्पद जोड्यांची यादी तयार झाली की ती छापून प्रत्येक शाखेत एकेक प्रत द्या. ज्यांनी वर्षानुवर्षे काउंटरवर बसून पासबुके भरली, त्यांना 'हे दोघे चुलत भाऊ आहेत' किंवा 'या बाई लग्नाआधी त्या नावाने होत्या' हे विचारता येते. त्यांनी खूण केलेली प्रत सहीनिशी परत घ्या, त्याप्रमाणे यादी दुरुस्त करा, आणि मगच ती नोटिसांसाठी पाठवा.